प्राणी उद्यानातल्या संग्रहालयाविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. प्राणी उद्यानाला जोडून निसर्ग-इतिहास संग्रहालय काढताय, हे वाचून फार आनंद झाला. तू दालनांबद्दल विचारलंस, पण मी सुरुवात शवागारापासून करतो. जनावर मेल्यावर पहिल्या काही तासांत जे होतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाला लागून १७९४ पासून प्राणिबाग आहे. व्हर्सायच्या राजेशाही प्राणिसंग्रहातला गेंडा १७९३ मध्ये मेला. त्याचं भरलेलं कातडं आणि सांगाडा दोन्ही आजही तिथे बघायला मिळतात. जिवंत प्राणी बघून आलेल्या मुलाला लगेच त्याच जातीच्या प्राण्याची हाडं दिसली, तर पायाचा सांधा कसा वळतो हे सांगावंच लागत नाही. तुमच्याकडे ही सोय आहे, ती वाया घालवू नका.

प्राणी मेला की आधी पशुवैद्य. नाकातोंडातून रक्त आलं असेल तर काळपुळीची (अँथ्रॅक्स, माणसालाही होणारा जीवघेणा रोग) शंका घ्यायची आणि शव उघडायचंच नाही. नंतर वजन, मापं, लिंग, तारीख आणि नोंदवहीतला क्रमांक लिहून चिठ्ठी पायाला बांधायची. नुसती पिशवीला बांधली तर पिशवी बदलताना हरवते, आणि नोंद हरवलेली कवटी अभ्यासाला जवळपास निरुपयोगी. इंजेक्शनने मरण दिलं असेल तर तेही लिहा. औषध मांसात उरतं, ते मांस दुसऱ्या प्राण्याला घालता येत नाही. मोठं जनावर अख्खं फ्रीझरमध्ये ढकलू नका. आतून थंड व्हायला वेळ लागतो, तोवर पोट कुजतं आणि कातड्याचे केस सुटतात. आधी सोला, आतडी काढा.

सांगाड्यासाठी हाडं उकळायचा मोह होईल. उकळल्याने चरबी हाडात मुरते, दात तडकतात. मांस खाणारे डर्मेस्टिस भुंगेरे पाळा. खरं काम त्यांच्या अळ्या करतात. मांस जरा सुकवून द्यायचं, खोली २५ ते ३० अंशांवर ठेवायची. त्यानंतरची पायरी बहुतेक जण घाईत उरकतात: चरबी काढणं. कोमट पाण्यात साबण किंवा सौम्य अमोनिया घालून, पाणी बदलत बदलत, आठवडेच्या आठवडे. कंटाळलात तर वर्षभरात काचेमागे पिवळे, चिकट डाग दिसतील. शेवटी हाडं पांढरी करायला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ब्लीच अजिबात नको, ते हाडच खातं.

हेच भुंगेरे दालनात शिरले तर पेंढा भरलेल्या प्राण्यांची पिसं नि केस फस्त करतील. म्हणून आत जाणारी प्रत्येक वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उणे २० अंशांवर किमान आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी सोडू नका, नाहीतर वस्तूवर पाणी धरतं. पिसं आणि केसांवर उजेड ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत, ऊन तर नकोच.

जुने भरलेले प्राणी देणगीत आले तर हातमोजे आणि मुखपट्टी लावूनच हाताळा. पूर्वी कातड्याला आर्सेनिक चोळत. मुलांच्या हाताळायच्या टेबलावर ते कधीही ठेवू नका. तिथे झडलेली शिंगं, सापाची कात, कवटीच्या प्रतिकृती ठेवा, आणि बाजूलाच हात धुवायची जागा.

तू पाठवलेल्या इमारतीच्या नकाशात भुंगेऱ्यांची खोली तळघरात, वस्तुभांडाराशेजारी दाखवली आहे. ती वेगळ्या इमारतीत हलव आणि सुधारलेला नकाशा पाठव.

तुझा मित्र