रंगाआधी लोणा काढा

महोदय,

दिवाळी तोंडावर आली की मराठवाड्यात घरांच्या दर्शनी भिंती रंगवायची घाई सुरू होते. रंग भारीतला, पण जोत्यालगतचा लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले पांढरे क्षार, तसाच! बोअरच्या क्षारयुक्त पाण्यातले बांधकाम, त्यात खालून चढणारी ओल. मग पुट्टीसकट पापुद्रे सुटतात आणि दोष मात्र रंगाच्या डब्याला.

लोणा कोरड्याच तारेच्या ब्रशने खरवडावा. धुतल्यास क्षार पुन्हा आत मुरतात. पोकळ वाजणारा गिलावा काढून गोड्या पाण्यात नवा करावा. 28 दिवसांनी, भिंत कोरडी असेल तरच प्रायमरचा एक आणि बाहेरच्या इमल्शनचे दोन हात द्यावेत. भिंतीलगत दोन-अडीच फूट फरशी बाहेरच्या उताराने बसवावी. काळ्या मातीत पाणी मुरले की जोतेच तडकते. कुंड्याही भिंतीला टेकवू नयेत.

– एक वाचक, लातूर