अमेरिकेच्या तिजोरीची किल्ली कोणाकडे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हापासून एक प्रश्न अनेकांकडून ऐकतो आहे. लोकशाही देशात एकटा राष्ट्राध्यक्ष सही करून एवढा कर कसा काय लावू शकतो? वाहिन्यांवरच्या चर्चांत आणि वर्तमानपत्रांतल्या लेखांतही त्याचे उत्तर बहुधा त्या एका माणसाच्या स्वभावात शोधले जाते. इतिहास शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे हे उत्तर मला फार अपुरे वाटते. अमेरिकेचे शासन समजून घ्यायचे तर १७८७ च्या राज्यघटनेच्याही मागे, वसाहतींच्या काळात जायला हवे आणि तिथे विचारायला हवे की सरकारी खर्चाला मंजुरी कोण देत होते.

व्हर्जिनियातले जेम्सटाउन १६०७ मध्ये वसले ते एका व्यापारी कंपनीच्या सनदेवर. ३० जुलै १६१९ रोजी तिथल्या चर्चमध्ये गव्हर्नर, त्याचे सल्लागार मंडळ आणि निरनिराळ्या वस्त्यांतून निवडून आलेले २२ प्रतिनिधी एकत्र बसले. पाच वर्षांनी राजाने कंपनीची सनद रद्द करून वसाहत आपल्या ताब्यात घेतली, तरी ही सभा टिकली. पुढे बहुतेक वसाहतींत हीच रचना उभी राहिली. वर राजाने किंवा वसाहतीच्या मालकाने नेमलेला गव्हर्नर, त्याच्या जोडीला मंडळ, आणि मालमत्ता असलेल्या गोऱ्या पुरुषांनी निवडलेली सभा. आजचा राष्ट्राध्यक्ष आणि तिथल्या संसदेची दोन सभागृहे, सिनेट आणि प्रतिनिधीगृह, यांचे मूळ रूप इथे ओळखू येते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून धरून आणलेल्या विसेक माणसांना उतरवून विकले गेले. निवडून आलेली सभा आणि गुलामी या दोन्ही गोष्टी त्या भूमीवर एकाच उन्हाळ्यात आल्या. यातली एक सांगून दुसरी वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १७८७ मध्ये प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणना तीन पंचमांश धरली गेली, तेव्हा ती दुसरी गोष्ट राज्यघटनेतही शिरली.

कनेक्टिकट आणि ऱ्होड आयलंड या दोन वसाहतींना राजाने १६६२ आणि १६६३ मध्ये अशा सनदा दिल्या की तिथले लोक गव्हर्नरही स्वतःच निवडत. स्वातंत्र्यानंतर त्यांना नवी राज्यघटना लिहिण्याची घाई वाटली नाही. कनेक्टिकटने १८१८ पर्यंत आणि ऱ्होड आयलंडने त्याहूनही पुढे, १८४३ पर्यंत, त्या जुन्या सनदेवरच कारभार चालवला.

पण खरा झगडा होता पगाराचा. गव्हर्नर नेमायचा लंडनने, पण बहुतेक राजशासित वसाहतींत त्याचे वेतन मंजूर करायचे स्थानिक सभेने. १७२८ मध्ये विल्यम बर्नेट मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर म्हणून बॉस्टनला आला तो राजाचा हुकूम घेऊनच, की सभेने त्याला कायमचे ठरावीक वेतन बांधून द्यावे. पैसे द्यायला सभा तयार होती, पण दर वर्षी स्वतः मंजूर करूनच. बर्नेटने सभेचे अधिवेशन बॉस्टनबाहेर हलवले, दबाव आणला. प्रतिनिधी बधले नाहीत. १७२९ मध्ये तो वारला तेव्हाही वाद सुटलेला नव्हता, आणि पुढच्या काही वर्षांत लंडननेच माघार घेतली. शाळेच्या पुस्तकात न येणारा हा प्रसंग मला बॉस्टनच्या चहाइतकाच मोलाचा वाटतो.

कारण चहाच्या प्रकरणाआडही हेच आहे. १७६७ च्या टाउनशेंड कायद्यांनी चहा, काच, कागद यांवर जकात बसवली. त्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार परस्पर द्यायचे, म्हणजे त्यांच्यावरचा सभेचा धाक संपेल, असा बेत होता. वसाहतींनी तो लगेच ओळखला. १७७२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये तसे पगार सुरू होणार हे कळताच बॉस्टनमध्ये गावोगावी पत्रे पाठवून विरोध संघटित करणारी पत्रव्यवहार समिती स्थापन झाली. वर्षभराने, १६ डिसेंबर १७७३ रोजी, ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या बॉस्टनच्या आंदोलकांनी समुद्रात फेकल्या. हीच कंपनी १७७५ मध्ये सुरतेला रघुनाथरावांशी तह करून पुण्याच्या गादीच्या वादात उतरली. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध ही एकाच काळातली, हे आपल्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही याची मला खंत आहे.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजावर जे आरोप आहेत, त्यांत न्यायाधीशांचा कार्यकाळ आणि पगार त्याने आपल्या मर्जीवर ठेवल्याचा आरोप स्पष्ट लिहिला आहे. मग १७८७ मध्ये फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधींनी राज्यघटना घडवली तेव्हा हे अनुभव कलमांत उतरले. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून एक डॉलरही काढता येणार नाही. कराची विधेयके प्रतिनिधीगृहातच मांडली जातील. सैन्याच्या खर्चाला एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीची मंजुरी नाही. राष्ट्राध्यक्षाचे वेतन त्याच्या मुदतीत वाढवायचे नाही, घटवायचेही नाही. न्यायाधीशांचे वेतन ते पदावर असेपर्यंत कमी करता येणार नाही. अमेरिकेतल्या सत्तेच्या विभागणीबद्दल खूप तात्त्विक लिहिले जाते, पण मला ती या पगाराच्या कलमांत जास्त स्पष्ट दिसते. आणि आयातशुल्क हाही कर, म्हणून तो बसवण्याचा अधिकार पहिल्याच अनुच्छेदात काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, दिलेला आहे.

राज्यघटनेआधी राज्यांनी आपसांत केलेल्या संघराज्याच्या करारात मध्यवर्ती सरकारला कर लावण्याचा अधिकारच नव्हता. राज्यांकडे हात पसरावा लागे. राज्ये आधीची, देश नंतरचा, हे तिथे अक्षरशः खरे आहे. म्हणून सुमारे पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगला आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला सिनेटमध्ये सारख्याच दोन जागा. आपल्याकडे १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन संसदेच्या कायद्याने झाले. तिथे राज्याच्या विधिमंडळाची संमती नसेल तर काँग्रेसला राज्य तोडता येत नाही.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा फरक नेमका मांडला होता. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त आणि उत्तरदायित्व कमी, म्हणून मसुद्याने संसदीय पद्धत निवडली. आपल्याकडे लोकसभेने खर्चाच्या मागण्या फेटाळल्या तर सरकारला जावे लागेल. तिथे राष्ट्राध्यक्षही राहतो, काँग्रेसही राहते आणि कारभार अडतो. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशावरून २२ डिसेंबर २०१८ पासून सरकारी कचेऱ्या ३५ दिवस अंशतः बंद राहिल्या, त्याचे कारण हेच. कचेऱ्या बंद ठेवण्याची ही पद्धत मात्र जुनी नाही. १९८० मध्ये तिथल्या महान्यायवादींनी मंजुरीशिवाय सरकारी खर्च करू नये असे सांगणाऱ्या १८८४ च्या एका कायद्याचा कडक अर्थ लावला, तेव्हापासून ती रूढ झाली.

आता मूळ प्रश्न. पन्नास टक्के शुल्क लावण्याची ताकद राष्ट्राध्यक्षाकडे आली कुठून? राज्यघटनेतून नक्कीच नाही. १९३४, १९६२, १९७४ अशा टप्प्यांनी व्यापाराचे अधिकार काँग्रेसने स्वतःच कायदे करून राष्ट्राध्यक्षाच्या हाती सोपवले. भारतावरच्या शुल्कासाठी आधार घेतला गेला तो १९७७ च्या आर्थिक आणीबाणीच्या कायद्याचा. या कायद्याखालच्या शुल्कांना न्यायालयात आव्हान दिले ते तिथल्याच छोट्या आयातदारांनी आणि बारा राज्यांनी. ज्या सभांनी बर्नेटला एका वर्षापुढचा पगार बांधून दिला नाही, त्यांच्या वारसांनी कराचा अधिकार इतक्या सहज दुसऱ्याच्या हाती जाऊ दिला, याचे मला मनापासून वाईट वाटते. एका माणसाच्या लहरीपेक्षा ही गोष्ट कितीतरी गंभीर आहे, कारण तो माणूस पदावरून गेला तरी ते कायदे राहणार आहेत.

म्हणून आपल्याला एक विनंती. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने अमुक आदेश काढला अशी बातमी छापताना तो कोणत्या कायद्याखाली काढला आणि त्यावर पुढचा निर्णय कोणाच्या हाती आहे, काँग्रेसच्या, न्यायालयाच्या की राज्यांच्या, हे दोन ओळींत द्यावे. इचलकरंजीचा कापड व्यापारी असो वा मुंबईच्या सीप्झ या निर्यात वसाहतीतला दागिन्यांचा निर्यातदार, त्याला या दोन ओळी मिळाल्या तर वॉशिंग्टनमधल्या कोणत्या दाराकडे लक्ष ठेवायचे ते कळेल.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सांगली