दप्तर हलके, पण खर्च कोणाचा?

महोदय,

नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 'दप्तराविना दहा दिवस' सुचवले आहेत. सुतार, माळी, कुंभार यांच्या हाताखाली मुलांनी थोडे काम शिकावे, अशी कल्पना. मी आयर्लंडमध्ये लिमरिकला नर्स आहे. इथे अख्खे एक वर्षच असे असते, म्हणून हे पत्र.

त्याला 'ट्रान्झिशन इयर' म्हणतात, बोलताना 'टीवाय'. १५-१६ वर्षांची मुले ज्युनिअर सायकल, म्हणजे माध्यमिक शाळेची पहिली तीन वर्षे, संपवतात. लीव्हिंग सर्टची, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेची, दोन वर्षे सुरू होण्याआधी हे वर्ष, तेही ऐच्छिक. १९७४ साली शिक्षणमंत्री रिचर्ड बर्क यांच्या काळात मोजक्या शाळांत सुरू झाले, १९९४ पासून देशभर पसरले. बोर्डाची परीक्षा नाही. वर्षभर काय करायचे याची आखणी शाळाच करते.

साताऱ्याहून नणंदेचा फोन आला की ठरलेला प्रश्न, "वहिनी, म्हणजे पोरीचं वर्ष वायाच ना?" पोरीने त्या वर्षी वर्गातल्या तिघींबरोबर साबणाची 'मिनी कंपनी' काढली. पहिल्या हिशेबात नफा भरघोस. बाईंनी विचारले, तेल कुठून आणले? ते प्रत्येकीने घरून उचलले होते, खर्चात धरलेच नव्हते. नफा निम्म्यावर आला. पुढे गुरांच्या डॉक्टरकडे काम करून आली आणि व्हेट व्हायचे खूळ डोक्यातून गेले. कॉलेजची फी भरल्यावर जाण्यापेक्षा हे बरे!

दुखणे पैशाचे आहे. सरकार अनुदान देते, पण सहली, बस, नाटक, प्रथमोपचाराचे वर्ग यांसाठी शाळा पालकांकडे काहीशे युरो मागतात. हप्त्याने द्या म्हणतात, पण द्या. पुस्तके २०२५ पासून मोफत झाली. बसचे भाडे मात्र आपलेच. माझ्या वॉर्डातली सफाई करणारी बाई एकटी कमावते. तिचा मुलगा टीवाय सोडून थेट पाचव्या वर्षाला, म्हणजे लीव्हिंग सर्टच्या पहिल्या वर्षाला, बसला. "त्यालाच नको होतं," असे ती सांगते. मला ते पटत नाही.

आणखी एक गोष्ट पैशाच्या हिशेबात येत नाही. कामाची जागा बहुधा मुलांनीच शोधायची असते. ज्याचा काका वकील, तो वकिलाच्या ऑफिसात. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांनी कोणाच्या ओळखी काढायच्या? जागांची यादी शाळेने करावी आणि ती करणाऱ्या शिक्षकाचे तास सरकारने पगारात धरावेत.

आपल्याकडे तर दहाच दिवस आहेत. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतली चाळीस मुले तालुक्याच्या वर्कशॉपपर्यंत न्यायची, तर एसटीचे भाडे आणि दुपारचे जेवण कोण देणार? लोकवर्गणी काढून भागवा, असे मुख्याध्यापकांना सांगण्याआधी शिक्षण खात्याने त्याची तरतूद जाहीर करावी.

— एक पालक, लिमरिक (आयर्लंड)