सेल बदलण्याआधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या एडिसन गावच्या घरी तळघर आवरताना दादाची ‘पोकेमॉन गोल्ड’ची, म्हणजे गेमबॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या खेळाची, कार्ट्रिज सापडली आणि त्याचा जुना खेळ तिच्यात अजून शाबूत आहे, हे वाचून अतिशय आनंद झाला. मात्र तिच्यातला सेल लगेच बदलून टाकण्याची घाई कृपा करून करू नकोस.

मूळ खेळ रॉम या न पुसल्या जाणाऱ्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असतो, त्याला काही होत नाही. दादाने जमवलेले सारे मात्र 32 किलोबाइटच्या एसरॅम या वीज असेपर्यंतच आठवण ठेवणाऱ्या चिपमध्ये आहे आणि गेमबॉय बंद असताना ती चिप केवळ त्या 3 व्होल्टच्या बटण सेलवर तग धरते. सेल काढला की सेव्ह, म्हणजे दादाचा साठवलेला खेळ, पुसली गेलीच. शिवाय ‘गोल्ड’मध्ये दिवस-रात्र दाखवणारे घड्याळही त्याच सेलवर अखंड चालते, म्हणूनच तिचा सेल आधीच्या ‘रेड’ आणि ‘ब्लू’ या पोकेमॉन खेळांपेक्षा लवकर उतरतो. अमेरिकेत 2000 साली आलेल्या कार्ट्रिजमधला सेल अजून जिवंत असणे हे भाग्यच समज.

तेव्हा आधी कार्ट्रिज रीडर, म्हणजे कार्ट्रिज संगणकाला जोडणारे उपकरण, मागव आणि सेव्हची फाइल संगणकावर उतरवून घे. गेमबॉय चालू ठेवून सेल बदलण्याची युक्ती काहीजण सांगतात. मला ती मुळीच पसंत नाही, कारण हात जरा हलला तरी सगळे जाते.

कार्ट्रिजच्या स्क्रूला 3.8 मिलिमीटरचा गेमबिट, म्हणजे अशा स्क्रूसाठीचे खास स्क्रूड्रायव्हरचे टोक, लागतो. स्क्रू निघाल्यावर पुढचे झाकण थोडे खाली सरकवून उचल. सेलला पत्र्याच्या दोन पट्ट्या वेल्ड केलेल्या दिसतील. त्या सेलपासून ओरबाडू नकोस, बोर्डावरचे सोल्डर वितळवून अलगद सोडव. नवा सेल सीआर 2025 प्रकारचा, तोही पट्ट्या लावलेलाच घे. नुसत्या सेलवर थेट सोल्डर केल्यास तो उष्णतेने खराब होतो, फुटूही शकतो, आणि चिकटपट्टीने बसवलेला सेल कधी हलेल याचा नेम नसतो. बोर्डावरची अधिक-उणे चिन्हे जुना सेल काढण्यापूर्वीच पाहून ठेव.

त्यानंतर फाइल परत कार्ट्रिजमध्ये भर. घड्याळ मात्र नव्याने लावावे लागेल. फाइलची एक प्रत मलाही मेलने पाठव. दादाचा खेळ दोन घरी असलेला बरा.

तुझा,
अविनाश