बाँडवरचा नंबर

सिएटल,
26 मार्च 2024

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्ध्यावर राहिलं. "पैशाशिवाय निवडणूक कधी झालीय? आमच्या वेळीही शेठ लोक द्यायचेच," असं तुम्ही म्हणालात, आणि मागून आईने पानं वाढल्याची हाक मारली. तेव्हापासून ते मनात घोळतंय. फोनवर मी चिडते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहायलाच बसले.

अण्णा, ते निवडणुकीचे बाँड, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला देणगी म्हणून द्यायचे कागद, तुमच्या प्रेसमध्ये छापले गेले. नाशिकरोडला, इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तुम्ही रिटायर झाल्यावर कितीतरी वर्षांनी. हे वाचलं तेव्हा मला आधी तुमचे हात आठवले. कोरी नोट घरात आली की ती खिडकीशी धरून तुम्ही पहिल्यांदा नंबर बघायचात. "नंबर असलेला कागद हरवत नाही," हे वाक्य ऐकतच आम्ही भावंडं मोठी झालो.

या कागदावरही नंबर होता. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली उमटणारा. 2018 च्या एप्रिलमध्ये एका पत्रकार बाईंनी दोन बाँड स्वतः विकत घेऊन प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा तो उघड झाला. सरकारने सांगितलं, नंबर फक्त सुरक्षेसाठी आहे. आपल्याला मात्र सहा वर्षं हेच ऐकवलं गेलं की कोणी कोणाला दिलं ते गुप्त राहणार. गुप्त कोणापासून? विकत घेणाऱ्याची ओळख स्टेट बँकेकडे नोंदलेली. ज्या पक्षाने बाँड वटवला त्याला देणारा कोण, हे वेगळं सांगावं लागत नसणार. अंधारात राहिलात ते तुम्ही आणि आई, मतदानाच्या रांगेत उभे राहणारे. मत गुप्त असावं हे आपल्या लोकशाहीच्या मुळाशी आहे. पण मत मागणाऱ्याला कोटी रुपयांचा कागद कोणी दिला, तेही गुप्त? गेल्या ऑक्टोबरमध्ये सरकारच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात नेमकं हेच मांडलं की पक्षांचा पैसा कुठून येतो हे जाणून घ्यायचा सरसकट हक्क नागरिकाला नाही. ते वाचून मला रडू आलं होतं.

15 फेब्रुवारीला पाचही न्यायाधीशांनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली, ते तुम्ही वाचलंच असेल. त्यानंतर बँकेने माहिती द्यायला 30 जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकल्यावर! न्यायालयाने ती नाकारली. 14 मार्चला याद्या आल्या त्या वेगवेगळ्या, घेणाऱ्यांची एक आणि वटवणाऱ्यांची दुसरी. जोडायला दुवाच नव्हता. पुन्हा आदेश निघाला आणि गेल्या गुरुवारी नंबर बाहेर आले. अण्णा, तुमच्या प्रेसने घातलेल्या नंबरांनी शेवटी हिशेब जुळवून दिला. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी दोन्ही याद्या शेजारी शेजारी लावून बसले होते. सगळ्यांत जास्त बाँड एका लॉटरी कंपनीने घेतले, 1,368 कोटींचे. त्यातले सर्वाधिक तृणमूलला आणि द्रमुकला गेले. एकूण बाँडपैकी जवळजवळ निम्मा पैसा भाजपला मिळाला. काँग्रेसही आहे, आपल्याकडचे पक्षही आहेत. म्हणून मी कोणा एका पक्षाची बाजू घेऊन भांडतेय असं कृपा करून समजू नका.

आता तुमच्या शेठजींकडे वळते. शेठजी द्यायचे ते गावाला माहीत असायचं. कोणाच्या जीपला कोणाचं पेट्रोल, हे पंचवटीतलं पोरगंही सांगायचं. शिवाय कंपनी म्हणजे शेठजी नव्हे. तिचे पैसे हजारो भागधारकांचे, त्यात आपल्यासारखे लोक आणि त्यांचा प्रॉव्हिडंट फंडही आला. मुंबई उच्च न्यायालयात 1957 मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीचा खटला आला होता, कंपनीने राजकीय पक्षाला पैसे द्यावेत का यावरचा. न्यायमूर्ती छागलांनी कायद्यात बसतं म्हणून परवानगी दिली, पण हा धोका उद्या लोकशाहीचा गळा आवळू शकतो, संसदेने वेळीच विचार करावा, असं बजावून. 1969 मध्ये अशा देणग्यांवर बंदी आली, 1985 मध्ये ती उठली. मग तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देता येईल अशी मर्यादा होती, ती 2017 मध्ये काढून टाकली. म्हणजे तोट्यातली कंपनीही वाटेल तेवढं देऊ शकत होती. तोट्यातली कंपनी कशासाठी देईल, हे तुम्हीच मला सांगा. सर्वोच्च न्यायालयाने आता ती मर्यादाही परत आणली आहे.

उमेदवाराचं म्हणाल तर लोकसभेला खर्चाची मर्यादा 95 लाखांची. कार्यकर्त्यांना पाजलेल्या चहाचा दरसुद्धा निवडणूक अधिकारी ठरवून देतात. पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही.

इथे अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मी मुळीच म्हणत नाही. 2010 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपन्यांना आणि युनियनना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मोकळीक दिली. तेव्हापासून पैशाचा लोंढा थांबलेला नाही. आमच्या सिएटलमध्ये 2019 ला ॲमेझॉनने नगर परिषदेच्या निवडणुकीत सुमारे 15 लाख डॉलर ओतले. आधीच्याच वर्षी परिषदेने मोठ्या कंपन्यांवर कर्मचाऱ्यांमागे कर बसवला होता आणि महिन्याभरात मागे घेतला होता. पण तो खर्च जाहीर झाला, लोकांनी पाहिला, आणि कंपनीला हवे असलेले बहुतेक उमेदवार पडले.

याच गावात आणखी एक गोष्ट आहे. ती तुम्हाला सांगायची कधीची राहिली होती. 2015 मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं की घरांवरच्या करातून प्रत्येकाला पंचवीस डॉलरची चार व्हाउचरं द्यायची. आपल्याला पटेल त्या उमेदवाराला द्यावीत, त्यावर त्याचा प्रचार चालावा. ग्रीन कार्डवाल्यांनाही ती मिळतात. मला इथे मत नाही, पण गेल्या वर्षी पाकीट माझ्या नावाने आलं. एक उमेदवार बाई पावसात भिजत दाराशी आल्या आणि अर्धा तास बसचे मार्ग आणि घरभाडं यांवर बोलत बसल्या. मी त्यांना दोन व्हाउचरं सही करून दिली. माझ्यासारख्या परक्या बाईच्या उंबऱ्याशी त्या आल्या, कारण पैसा त्या उंबऱ्यात होता. आपल्या जेलरोडच्या कॉलनीत उमेदवार स्वतः येऊन ओट्यावर बसल्याचं शेवटचं कधी आठवतं तुम्हाला?

20 मेला आपल्याकडे मतदान आहे. त्याआधी गल्लीत जो कोणी येईल, कुठल्याही पक्षाचा, त्याला एवढंच विचारा की तुमच्या पक्षाने कोणाकोणाचे बाँड वटवले. रागावून नको, प्रेसमध्ये हिशेब विचारायचात तसं शांतपणे.

दोन्ही याद्या दादाला मेलवर पाठवल्या आहेत. पानं शेकडो आहेत, सगळी नकोत, मी खुणा केलेलीच तो छापून आणेल. अक्षर बारीक आहे. तुमचं प्रेसमधलं भिंग देवघराच्या खालच्या खणात आहे, आईला माहीत आहे. पत्र पोचेपर्यंत रंगपंचमी होऊन गेलेली असेल. तिवंधा चौकातली रहाड, आपला तो रंगाचा हौद, यंदा किती भरली तेही कळवा.

तुमची,
धाकटी