भोंगा आणि दोनशे रुपयांचा वायसर

डिलाईल रोड,
रविवार, रात्र

पक्या,

फोन करणार नव्हतोच. फोनवर तू पहिल्याच वाक्याला ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ म्हणणार, मी चिडणार, आणि आणखी दोन वर्षं जाणार. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. आई बरी आहे, गुडघे तसेच. माझी शुगर काठावर. झालं.

आबा गेले तेव्हा तुझा एवढा मोठा मेसेज आला आणि मी नुसते हात जोडलेले पाठवले. त्याची लाज वाटते.

तर, आबांची हत्यारांची पेटी सापडली. म्हणजे सापडली कसली, मीच लपवली होती. खोली रिकामी करायचीय. बीडीडी चाळींच्या पाडापाडीचा नंबर आमच्यापर्यंत आला. 160 फुटांच्या खोलीत आबांनी दोन भावांची लग्नं लावली, गावचे पाहुणे वेगळेच. आता 500 फुटांत आम्ही तिघं एकमेकांना हाका मारत हिंडणार. सकाळी पोटमाळ्यावर चढलो. गाद्यांच्या मागे, जिथे ठेवली होती तिथेच पेटी. फक्त कडी तेल घातल्यासारखी सुळकन सरकली. आणि वर धूळ नाही.

तुला ती फ्यूजची रात्र आठवत असेलच, तीवरूनच आपलं वाजलं. आबा चालू बोर्ड उघडून बसले, अख्खा मजला अंधारात, तळहात भाजलेला, आणि वर मलाच विचारतात, ‘मेन कुणी घातलान?’ दुसऱ्या दिवशी मी पेटी वर टाकली आणि सांगितलं, भंगारवाल्याला दिली. त्यांनी ‘बरं’ म्हटलं. एवढंच. तू मात्र मस्कतहून ओरडलास, फिटरच्या हातातला पाना काढलास, आता नाकात कापूसही घाल. मी फोन आपटला. पक्या, ते वाक्य मी दोन वर्षं घेऊन झोपतोय, हे तुला माहीत असू दे.

पेटीत काय होतं सांगू? डिसमिस, पक्कड, कथील, स्टोच्या पिनांची पुडी, आपण दोघांनी फोडलेल्या त्या मर्फी रेडिओच्या बटणाचा तुकडा (हो, ठेवला होता!), धोट्याच्या लाकडाची मूठ घातलेली ती आरी. आणि मिक्सरच्या कार्बनचं नवंकोरं पाकीट. त्यावरची तारीख गेल्या वर्षीची.

मी खाली उतरलो आणि आईकडे बघितलं. तिने कणीक मळायला घेतली. सकाळी अकराला.

मग एकेक बाहेर आलं. मी साडेआठला कामावर गेलो की शेजारचा बारावीतला पोरगा पेटी उतरवून द्यायचा. मोबदल्यात त्याचे हेडफोन आबांनी तीनदा डाखून दिले. आईची अट एकच, भिंतीतल्या विजेला हात लावायचा नाही. मग मजल्यावरचे मिक्सर, इस्त्र्या, कुणाची शिट्टी न होणारी कुकरं. साडेसहाच्या आत सगळं पुन्हा वर. जिन्यात माझी चाहूल लागली की कुणीतरी म्हणायचं, ‘भोंगा झाला!’ अरे, अख्ख्या मजल्यावर माझं नावच भोंगा पडलं होतं. पाण्याच्या रांगेत पोरं मला बघून का हसायची ते आज कळलं.

आणि मी बघायचो काय, तर आबा खिडकीशी, दोन्ही हात मांडीवर. मी डॉक्टरला सांगायचो, हल्ली खूप शांत झालेत. पंखा खडखडत असला की मी मुद्दाम विचारायचो, ‘आबा, आवाज येतोय ना?’ म्हणायचे, ‘मला नाय ऐकू येत.’

त्यांना नाही ऐकू येत! ज्या माणसाने गिरणीच्या साचेखात्यात चारशे आवाजांत एक बेअरिंग बिघडलेलं ओळखावं! आपल्याला मोटारीला कान लावायला लावायचे तेव्हा काय म्हणायचे आठवतं? ‘आयक. ठेका सोडलान यानं.’ पेचकसाचं टोक मोटारीवर, मूठ कानाला, आणि डावा पाय जमिनीवर हळूच. आधी पायाला कळायचं, मग हाताला. जाखडी नाचाच्या बारीतसुद्धा तसंच. मधे बुवा आणि ढोलकी, भोवती रिंगण, आणि ढोलकीवाला जरा घाईत आला की आबा नाचता नाचता त्याच्याकडे असे बघायचे, जसा जॉबर, म्हणजे मुकादम, बदली कामगाराकडे बघतो. तुझे अण्णा शक्तीवाले, आमचे तुरेवाले. गणपतीत गावी एकमेकांच्या घरचा चहा प्यायचे नाहीत आणि मुंबईला परतताना एकाच एसटीत एकमेकांच्या खांद्यावर झोपायचे.

पेटीच्या तळाशी चाळ होता. तो चाळ, ही चाळ नव्हे; ही तर पडतेय. मी समजत होतो तो गावीच राहिला. दोरी नवी ओवलेली, नायलॉनची. आणि एका घुंगराच्या पोटात खडा नव्हता तर बेअरिंगचा छर्रा घातलेला. हलवलं तर छुम नाही, खुळ.

आता ऐक. गेल्या पावसाळ्यात खालच्या काकू मला म्हणाल्या होत्या, दुपारी तुमच्या मोरीचा पाइप खुळखुळतो. मी प्लंबर आणला. त्याला काही सापडलं नाही, तरी वायसर बदलून दोनशे रुपये घेऊन गेला. आबा खिडकीशी बसून सगळं बघत होते. काम झाल्यावर मला म्हणाले, ‘चांगला बसवलान.’

हसलास ना? मीही हसलो, पोटमाळ्याच्या शिडीवर बसून. मग हसू जिरलं.

कारण मला कळत नाहीये, ते माझ्यावर रागावले होते की मला सांभाळत होते. रोज साडेसहाला ते हात मांडीवर ठेवणं माझ्यासाठी होतं. मी त्यांना जपतोय असं मला वाटावं म्हणून? की मालकापुढे कामगार उभा राहतो तसं? त्यांनी मालक बघितले होते रे. 18 जानेवारी 1982 ला संपात गिरणीबाहेर पडले ते आत गेलेच नाहीत. जिन्याखाली हीच पेटी मांडून बसले, स्टो दुरुस्त करत. कुणी निवृत्ती विचारली तर म्हणायचे, ‘निवृत्त कसला, डॉक्टर सामंतांनी संप कुठे मागं घेतलान? अजून संपावर हाय मी.’ त्या माणसाची पेटी मी हिसकावली आणि त्याने एक शब्द काढला नाही. आईला विचारलं, ते माझ्याबद्दल काही म्हणायचे का? म्हणाली, ‘म्हणायचे, भोंग्याला जेवायला वाढ, दमून आलाय.’ यातून मी काय समजू? तू त्यांच्याजवळ माझ्यापेक्षा जास्त बसलास. तूच सांग. खरं सांग, माझं मन राखू नकोस; नाहीतरी कधी राखलंयस?

तुझं कसं चाललंय? मुलीची दहावी यंदाच ना? वहिनींची बदली झाली का? सगळं सविस्तर कळव, मी आता झोपतोय.

हां, एक राहिलं. नव्या घराला पोटमाळा नाही. पेटी मी हॉलमध्ये ठेवणार आहे, बायको काय म्हणायचं ते म्हणो. पण त्यातला दहा-अकराचा पाना तुझा आहे. चौथीत असताना तू माझी सायकल खोलत होतास, तेव्हा आबांनी तो काढून घेतला होता. मुठीला सुतळी बांधून त्यात चिठ्ठी अडकवलीय, त्यांच्या अक्षरात: ‘पक्याचा. मागायला आला तर देणे.’

तर मागायला ये.

तुझा,
संज्या (भोंगा)