बाबांची बोटं हातात धरणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, नमस्कार. तुमचं नाव इथे मुद्दाम घालत नाही, पण हे तुमच्यापर्यंत पोचलं तर कोणाबद्दल लिहिलंय ते तुम्हाला लगेच कळेल.

मी बाबांना घेऊन गोव्यातल्या फोंड्याहून आले होते. जठराचा कॅन्सर, ऑपरेशन, केमो, सगळं निभावलं आणि मग बेंबीच्या वर टाक्यांच्या जागी फुगवटा यायला लागला. आधी ज्यांच्याकडे नेलं त्या डॉक्टरांनी बाबांना आडवं झोपवून वरवर दाबलं, म्हणाले गॅस आहे, गोळ्या लिहून दिल्या आणि पुढचा पेशंट. अहो आडवं झाल्यावर तो गोळा आत जातो ना! तुम्ही आधी त्यांना उभं केलंत आणि म्हणालात, काका, इल्लें खोंकात, म्हणजे जरा खोका.

बाबा कोणाला बोलले नव्हते पण कॅन्सरच परत आलाय असं त्यांनी धरलं होतं. आंघोळीला तेवढ्या जागेला साबणसुद्धा लावायचे नाहीत, आईने मला नंतर सांगितलं. तुम्ही स्कॅन बघितलात, मग त्यांची बोटं हातात धरून त्याच जागेवर ठेवलीत, स्नायूंच्या कडा कुठे लागतात, मधे फट कुठे आहे, खोकल्यावर आतडं कसं पुढे येतं ते त्यांच्याच बोटांना दाखवलंत आणि म्हणालात, हो कॅन्सर न्हय, हर्निया, म्हणजे हा कॅन्सर नाही. त्या दिवशी बाबा घरी येऊन पोटभर जेवले.

अजून एक. घरी येणारा प्रत्येकजण म्हणायचा, चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळाफुलांची चौकट, बांधायला शिडीवर चढलात, नारळ उचललेत, म्हणून झालं. बाबा मान खाली घालून ऐकायचे. तुम्ही सगळ्यांदेखत सांगितलंत की एकट्या वजन उचलण्याने हे होत नाही, ऑपरेशननंतर जखमेत पू झाला होता ते मोठं कारण, त्यात डायबिटीस, विडीचा जुना खोकला, जेवण जात नव्हतं म्हणून प्रोटीन घसरलेलं, अशा अंगात जखम भरणार कशी. पोट मधोमध उघडलं की साधारण १० ते २० टक्के लोकांना हा हर्निया होतो हे ऐकल्यावर आमच्या काकांचं तोंड बंद झालं, आणि मला फार बरं वाटलं!

आजारी माणसालाच दोष देणारे पुष्कळ भेटतात हो, त्याच्या बाजूने बोलणारं कोणी भेटलं की जीव भरून येतो. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं चालतं, मनापासून सांगते.

गोळा कडक झाला, आत जाईना, दुखायला लागलं किंवा उलट्या झाल्या तर थेट कॅज्युअल्टीत या म्हणालात ते आईने कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. त्या फटीवर जाळी बसवायच्या ऑपरेशनआधी साखर आटोक्यात हवी आणि विडी बंद, ही तुमची अट बाबा पाळताहेत. साखरेचे आकडे रोज वहीत लिहितात, पुढच्या वेळी दाखवायला आणतील, जरा नीट बघा हं.